थकलेल्या हृदयाला हातभार

हाड मोडले तर आपण ते प्लास्टरात बांधून काही आठवडे स्वस्थ ठेवतो. पोट बिघडले तर लंघन करतो. घसा बसला तर चार दिवस बोलणे बंद करतो. दुखावलेल्या अवयवाला विश्रांती दिली की पुढचे काम निसर्ग करतो, हा वैद्यकाचा फार जुना नियम आहे आणि तो आजही खोटा ठरलेला नाही. परंतु हा नियम पाळणे ज्याच्या बाबतीत सर्वांत कठीण, असा एक अवयव आहे. तो म्हणजे हृदय. घरातल्या एकट्या कमावत्या माणसासारखी त्याची स्थिती असते. तो आजारी पडला तरी त्याला रजा मिळत नाही, कारण त्याने रजा घेतली तर त्याच दिवशी चूल विझते.

मग दुखावलेल्या हृदयाला विश्रांती द्यावयाची तरी कशी? छाती न उघडता, मांडीच्या वरच्या बाजूस एक बारीक छिद्र पाडून, तेथून एक लहानसा पंप हृदयापर्यंत नेता येईल काय, आणि हृदय सावरेपर्यंत काही दिवस त्याच्याकडून रक्त वाहून घेता येईल काय? असे पंप आज वापरात आहेत. ते कसे चालतात हे तर पाहूच. पण त्यांच्यामुळे माणूस खरोखर वाचतो का, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास जी वर्षे लागली, त्यांची हकीकत मला अधिक महत्त्वाची वाटते.

हृदयाचे रोजचे काम

प्रौढ माणसाचे हृदय त्याच्या मुठीएवढे असते. वजन सुमारे 300 ग्रॅम. ते मिनिटाला बहात्तर ठोके देते असे धरले, तर दिवसाचे ठोके लाखाच्या वर जातात. प्रत्येक ठोक्याला डावी जवनिका सुमारे 70 घन सेंटिमीटर रक्त महारोहिणीत ढकलते. म्हणजे मिनिटाला पाच लिटर, आणि दिवसाला सात हजार लिटरांहून अधिक. पाण्याचा मोठा टँकर भरेल एवढे रक्त हा मुठीएवढा स्नायू रोज पुढे सरकवतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढच्या साऱ्या युक्त्या तिच्यावर उभ्या आहेत. हृदय इतरांना रक्त पुरवते, पण स्वतःसाठी ते पोटातल्या रक्तातून काही घेत नाही. त्याचे पोषण महारोहिणीच्या मुळाशी फुटणाऱ्या दोन रोहिणींतून होते. हृदय आवळले जाते तेव्हा स्नायूतून जाणाऱ्या या वाहिन्याही दाबल्या जातात. म्हणून डाव्या जवनिकेच्या स्नायूला बहुतेक रक्त मिळते ते हृदय सैल पडते तेव्हा, म्हणजे दोन आकुंचनांमधल्या सुमारे अर्ध्या सेकंदात. त्या वेळी महारोहिणीत जो दाब शिल्लक असतो, त्याच्यावर हृदयाचे स्वतःचे जेवण अवलंबून असते.

आता या दोन रोहिणींच्या एखाद्या मोठ्या शाखेत गुठळी अडकली आणि स्नायूचा बराच भाग उपाशी पडला, असे समजा. हृदयाचा जोर कमी होतो. जोर कमी झाला की महारोहिणीतला दाब उतरतो. दाब उतरला की हृदयाच्या उरलेल्या भागालाही रक्त कमी मिळते, आणि जोर आणखी कमी होतो. हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले की तासातासाला वेग घेते. रोग्याचे हातपाय गार व ओलसर पडतात, लघवी जवळजवळ बंद होते, तो असंबद्ध बोलू लागतो. या अवस्थेला हृदयजन्य अवसाद म्हणावे. रुग्णालयात तिला कार्डिओजेनिक शॉक म्हणतात. हृदयविकाराचा झटका आलेल्या शंभरांपैकी पाच ते दहा जणांवर ही पाळी येते, आणि आजची सर्व साधने हाताशी असतानाही त्यांतले सुमारे निम्मे दगावतात.

यावर पहिला उपाय म्हणजे बंद रोहिणी उघडणे. अमेरिकेत व इतर काही देशांत 302 रोग्यांवर झालेल्या आणि 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत असे दिसले की, ज्यांची रोहिणी लवकर उघडण्याचे धोरण ठेवले त्यांच्यापैकी सहा महिन्यांत 50.3 टक्के मरण पावले. ज्यांना आधी नुसत्या औषधांवर ठेवले त्यांच्यापैकी 63.1 टक्के. फरक लक्षणीय आहे. पण रोहिणी उघडली तरी स्नायू लगेच कामाला लागत नाही. मुका मार लागलेला हात जसा मोडलेला नसूनही उचलत नाही, तसा हा स्नायू जिवंत असूनही काही दिवस सुन्न राहतो. ते काही दिवस निभवायचे कसे, हाच खरा प्रश्न.

हृदयाचा जोर वाढविणारी औषधे आहेत आणि ती द्यावीही लागतात. पण दमलेल्या बैलाला आसूड मारला तर तो चार पावले जोरात टाकतो एवढेच. त्याची दमणूक कमी होत नाही, वाढते. औषधाने हृदय जोरात आवळते, पण त्या जोरासाठी लागणारा प्राणवायू उपाशी स्नायूने आणावयाचा कोठून? आसूड मारण्याऐवजी मानेवरचे जू काही काळ दुसऱ्याच्या खांद्यावर देता आले, तरच ती विश्रांती म्हणता येईल.

बंद छातीतून वाट

हृदयाचे काम यंत्राने करण्याचा पहिला यशस्वी प्रयोग 6 मे 1953 रोजी फिलाडेल्फिया येथे झाला. डॉ. जॉन गिबन यांनी एका अठरा वर्षांच्या मुलीचे रक्त हृदय आणि फुप्फुसे टाळून आपल्या यंत्रातून फिरविले आणि तिच्या हृदयातील छिद्र बुजविले. पण त्यासाठी छाती उघडावी लागे. अवसादात गेलेल्या, मरणाच्या दारी असलेल्या माणसाची छाती उघडणे म्हणजे आगीतून फुफाट्यात.

सुदैवाने तोवर हृदयाकडे जाण्याची दुसरी वाट सापडली होती. 1929 साली जर्मनीतील एबर्सवाल्डे येथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने स्वतःच्या दंडातील नीलेतून एक बारीक नळी आपल्याच हृदयापर्यंत सरकवली आणि तशाच अवस्थेत क्ष-किरणांच्या खोलीत जाऊन तिचे चित्र काढून घेतले. या कामाला 1956 साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. गिबन यांचे यंत्र यशस्वी झाले त्याच 1953 साली स्वीडनच्या डॉ. सेल्डिंगर यांनी आणखी एक साधी युक्ती प्रसिद्ध केली: सुईने रोहिणीत शिरावे, सुईतून एक लवचिक तार आत सोडावी, सुई काढून घ्यावी आणि तारेवरून नळी सरकवावी. चाकूचे काम सुईवर आले. जांघेतल्या रोहिणीतून हृदयापर्यंतचा रस्ता मोकळा झाला. त्या रस्त्याने काय पाठवावयाचे, हे तेवढे ठरावयाचे होते.

फुग्याची युक्ती

पहिले उत्तर होते एक फुगा. अमेरिकेतील एड्रियन कँट्रोविट्झ हे शल्यविशारद आणि त्यांचे पदार्थवैज्ञानिक बंधू आर्थर यांनी 1953 साली असे दाखविले होते की, हृदय सैल पडलेले असताना नेमका रक्ताचा दाब वाढविता आला, तर हृदयाच्या रोहिणींतून अधिक रक्त वाहते. 1962 साली क्लीव्हलंड येथे मुलोपुलोस, टोपाझ आणि कोल्फ यांनी यासाठी महारोहिणीत फुगा बसविण्याची कल्पना मांडली. हे कोल्फ म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हॉलंडमध्ये कृत्रिम मूत्रपिंड तयार करणारे तेच. 1967 साली कँट्रोविट्झ यांनी ब्रुकलिन येथे अवसादात गेलेल्या एका पंचेचाळीस वर्षांच्या स्त्रीवर हा फुगा प्रथम वापरला, आणि ती वाचली.

फुग्याचे काम मोठे मजेचे आहे. तो लांबट, पडवळासारखा असून त्यात सुमारे 40 घन सेंटिमीटर वायू मावतो. महारोहिणी छातीतून खाली वळते त्या भागात तो ठेवतात. हृदय सैल पडताच तो फुगतो. त्यामुळे महारोहिणीतला दाब वाढतो आणि हृदयाच्या रोहिणींत रक्त लोटले जाते. हृदय आवळण्याच्या क्षणभर आधी तो एकदम मिटतो. त्यामुळे पुढची जागा रिकामी होते आणि हृदयाला कमी जोर लावून काम भागवता येते. ठोक्याची वर्दी हृदयाच्या विद्युत्-आलेखावरून मिळते. फुग्यात हेलियम वायू भरतात, कारण तो फार हलका असल्याने अरुंद नळीतून झटकन ये-जा करू शकतो. सुरुवातीला रोहिणी कापून फुगा आत घालावा लागे. 1980 च्या सुमारास तो सुईच्या वाटेने घालता येऊ लागला.

युक्ती सुंदर, धोका थोडा, आणि यंत्राच्या पडद्यावर दाब सुधारलेला डोळ्यांना दिसतो. तेव्हा फुगा जगभर पसरला यात नवल नाही. परंतु त्याने माणसे अधिक वाचतात का, हे मोठ्या प्रमाणावर मोजून पाहण्यास 2012 साल उजाडावे लागले. जर्मनीत अवसादातल्या 600 रोग्यांची चिठ्ठी टाकावी तशी विभागणी करून निम्म्यांना फुगा दिला, निम्म्यांना दिला नाही. तीस दिवसांत फुगा दिलेल्यांपैकी 39.7 टक्के मरण पावले आणि न दिलेल्यांपैकी 41.3 टक्के. हा फरक योगायोगानेही पडू शकेल इतका लहान आहे. पंचेचाळीस वर्षे विश्वासाने वापरलेल्या साधनाने, या रोगात सरसकट वापरले असता, जीव वाचविल्याचे दिसले नाही. फुगा हा हृदयाच्या जोराला टेकू देतो, स्वतः जोर लावत नाही. आणि ज्या हृदयात जोरच उरलेला नाही, तेथे नुसत्या टेकूने काय होणार?

नाईलच्या काठचा स्क्रू

स्वतः जोर लावणाऱ्या पंपाची कल्पना एका शेतावर सुचली. 1976 साली डॉ. रिचर्ड वॅम्पलर हे अमेरिकन डॉक्टर वैद्यकीय सेवेसाठी इजिप्तमधील एका खेड्यात गेले होते. तेथे शेतकरी एक तिरकी नळी हाताने फिरवून खालचे पाणी वरच्या पाटात घेत असलेले त्यांनी पाहिले. नळीच्या आत मळसूत्रासारखा आटा असतो. नळी फिरली की पाणी आट्यावरून वर चढत जाते. हे साधन आर्किमिडीजच्या नावाने दोन हजार वर्षांहून अधिक काळ ओळखले जाते.

आपल्याकडच्या मोटेशी ताडून पाहिले म्हणजे यातले मर्म ध्यानात येईल. मोट आता फारशी दिसत नाही, पण ज्यांनी पाहिली असेल त्यांना आठवेल: मोट विहिरीत बुडून भरते, बैल धावेवरून उताराला लागतात, मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी होते, आणि बैल पुन्हा मागे सरतात. पाणी येते ते खेपाखेपांनी. आपले हृदय ही अशी मोट आहे. आर्किमिडीजच्या स्क्रूला मात्र खेपा नाहीत. तो फिरतो तोवर पाणी अखंड वाहते. त्याला भरावयाला वेळ लागत नाही आणि मोठ्या पोटाचीही गरज नाही. म्हणूनच तो फार लहान करता येतो. हृदयाची नक्कल करणारा पंप रोहिणीतून आत जाणे अशक्य; स्क्रू मात्र जाऊ शकेल.

या कल्पनेतून निघालेला ‘हीमोपंप’ एप्रिल 1988 मध्ये ह्यूस्टन येथे डॉ. फ्रेझियर यांनी प्रथम माणसावर वापरला. रोग्याचे प्रत्यारोपण केलेले हृदय त्याच्या शरीराने नाकारल्यामुळे मंदावले होते. पंपाच्या आधाराने ते सावरले. हा पंप मिनिटाला सुमारे 25,000 फेरे घेई. एवढ्या वेगात रक्ताच्या तांबड्या पेशींचे पीठ होईल, अशी अनेक जाणकारांची खात्री होती. तसे झाले नाही. कारण पेशी पात्यांच्या सान्निध्यात क्षणाचाही अंशच राहते. अडचण निघाली ती दुसरीकडे. पंपाची मोटर शरीराबाहेर होती आणि तिचे फिरणे एका लांब, लवचिक दांड्यातून आत न्यावे लागे. हा दांडा कधी कधी तुटे. हीमोपंप बाजारात टिकला नाही.

जर्मनीतील आखेन येथे थॉर्स्टन झीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 नंतरच्या दशकात हा तिढा सोडविला. त्यांनी मोटरच इतकी लहान केली की ती पंपासह शरीरात जाऊ लागली. आत फिरता दांडा नेण्याऐवजी विजेची तार नेली की काम भागले. हाच ‘इम्पेला’ पंप. त्याचा आज बराच वापरात असलेला एक प्रकार सुमारे पावणेपाच मिलिमीटर जाडीचा आहे. तो जांघेतल्या रोहिणीतून महारोहिणीत चढवितात आणि तिच्या तोंडाशी असलेल्या झडपेतून पलीकडे सरकवतात. मग नळीचे शोषून घेणारे टोक डाव्या जवनिकेत राहते आणि बाहेर टाकणारे तोंड महारोहिणीत. मिनिटाला 46,000 पर्यंत फेरे घेऊन तो सुमारे साडेतीन लिटर रक्त पुढे टाकतो. मोटरमध्ये रक्त शिरून गोठू नये म्हणून साखरेच्या द्रावणाचा एक बारीक प्रवाह बाहेरून आत, रक्ताच्या उलट दिशेने, सतत सोडलेला असतो.

याचा परिणाम असा होतो की, जवनिका आतून रिकामी होत राहते. तिच्या भिंतींवरचा ताण उतरतो. ताण उतरला की प्राणवायूची गरज कमी होते. शिवाय महारोहिणीतला दाब टिकल्यामुळे हृदयाला स्वतःचे रक्तही मिळते. फुफ्फुसांत तुंबलेले रक्त पुढे सरकते. दुष्टचक्र जेथे फिरत होते तेथेच ते अडविले जाते. हृदय धडधडतच राहते, पण जू दुसऱ्याने घेतलेले असते. पंपावर बराच भार असेल तेव्हा रोग्याची नाडी हाताला अगदी मंद लागते. ते पाहून नातेवाईक घाबरतात. पण रक्त वाहतच असते, फक्त मोटेच्या खेपांनी न वाहता पाटासारखे वाहते.

मोजल्यावर काय दिसले

फुग्याच्या अनुभवाने शहाणे झालेल्यांनी या पंपालाही तोच प्रश्न विचारला: ठीक, पण माणसे वाचतात का? 2017 साली प्रसिद्ध झालेल्या, 48 रोग्यांच्या एका डच चाचणीत फुगा आणि हा पंप यांची तुलना केली; दोन्हीकडे तीस दिवसांत जवळजवळ निम्मे मरण पावले. पण या रोग्यांपैकी बहुतेकांचे हृदय आधी एकदा बंद पडून पुन्हा सुरू केलेले होते. मधल्या मिनिटांत मेंदूला जी इजा होते ती कोणत्याही पंपाने भरून निघत नाही.

तेव्हा रोगी पारखून घेऊन पुन्हा मोजणे आवश्यक होते. डेन्मार्क, जर्मनी आणि ब्रिटन येथील डॉक्टरांनी असे रोगी घेतले की, ज्यांची हृदयाची मोठी रोहिणी नुकतीच पूर्ण बंद पडली आहे, जे त्यामुळे अवसादात आहेत, आणि जे हृदय बंद पडून बेशुद्धीत गेलेले नाहीत. एवढ्या अटींत बसणारे रोगी मिळविण्यास दहा वर्षे लागली. 2024 साली 355 रोग्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांत नेहमीच्या उपचारांवरील 58.5 टक्के मरण पावले होते. पंप लावलेल्यांपैकी 45.8 टक्के. म्हणजे अशा आठ माणसांना पंप लावला तर त्यांतला एक अधिक वाचतो. या रोगाच्या हिशेबात ही प्राप्ती मोठी आहे.

पण खर्चाची बाजूही त्याच कागदावर लिहिलेली आहे. मोठा रक्तस्राव, पायाचा रक्तपुरवठा तुटणे, तांबड्या पेशी फुटणे अशा गंभीर उपद्रवांपैकी काही ना काही पंपाच्या गटात 24 टक्के रोग्यांना झाले. दुसऱ्या गटात 6.2 टक्क्यांना. मूत्रपिंडाचे काम यंत्राने करावे लागले ते पंपाच्या गटात 41.9 टक्क्यांत, दुसऱ्यात 26.7 टक्क्यांत. पावणेपाच मिलिमीटरची वस्तू बसवावयाची ती रोहिणीही फार रुंद नसते. तीत नळी बसली की खालचा पाय थंड पडू शकतो. रक्त गोठू नये म्हणून औषध द्यावे, तर भोकातून रक्त वाहू लागते. ज्याच्या जवनिकेत गुठळी आहे किंवा महारोहिणीच्या तोंडाशी धातूची कृत्रिम झडप आहे, त्याला हा पंप लावताच येत नाही.

अधिक ताकद म्हणजे अधिक लाभ, असेही नाही. नीलेतून रक्त बाहेर काढून, त्यात प्राणवायू मिसळून ते रोहिणीत परत सोडणारे मोठे यंत्रही सुईच्या वाटेने जोडता येते. एक्मो या नावाने ते करोनाच्या साथीत अनेकांच्या कानांवर आले. ते शरीराला भरपूर रक्त पुरवते, पण ते रक्त महारोहिणीत उलट दिशेने हृदयाकडे येते, आणि दुबळ्या जवनिकेला त्याच्या विरुद्ध उघडावे लागते. म्हणजे शरीराला आधार, पण हृदयाला जादा ओझे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या 420 रोग्यांच्या चाचणीत या यंत्राने तीस दिवसांतील मृत्यू कमी झाले नाहीत: 47.8 आणि 49 टक्के.

विकत घेतलेला वेळ

या सर्वांचे तात्पर्य काय? पंप हृदय बरे करीत नाही. बरे करते ते रोहिणीचे उघडणे आणि स्नायूची स्वतःची सावरण्याची शक्ती. पंप या दोहोंना वेळ मिळवून देतो. तोही थोड्या दिवसांचा. त्या वेळाच्या शेवटी तीनच वाटा असतात. हृदय सावरले तर पंप काढून घ्यावयाचा. सावरले नाही, पण बाकीचे शरीर धड असेल, तर कायम बसणाऱ्या यंत्राचा किंवा हृदयाच्या प्रत्यारोपणाचा विचार करावयाचा. आणि दोन्ही शक्य नसेल, तर पंप थांबविण्याचा निर्णय घ्यावयाचा. ही तिसरी वाट सर्वांत कठीण. पडद्यावर आकडे हलताना दिसत असतात, रक्त वाहत असते, आणि घरच्यांना वाटते की माणूस सुधारतो आहे. म्हणून पंप लावण्यापूर्वीच डॉक्टरांना शांतपणे विचारावे: हा वेळ आपण कशासाठी घेत आहोत, आणि त्यात अमुक घडले नाही तर पुढे काय? ज्याला या प्रश्नाचे उत्तर आधी मिळाले, त्याला नंतरचा निर्णय थोडा तरी सुसह्य होतो.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक धार आहे. असा पंप मोठ्या शहरांतील मोजक्या रुग्णालयांत मिळतो आणि त्याला अनेक लाख रुपये पडतात. आठांत एक वाचतो हे खरे. पण आठही घरांना ते पैसे उभे करावे लागतात. हा हिशेब काही डॉक्टरांनी एकट्याने सोडवावयाचा नाही, तो समाजाचा आहे.

मात्र एक वेळ अशी आहे की ती जवळजवळ फुकट मिळते. छातीत दडपण, डाव्या हातात कळ, घाम सुटणे हे होताच ‘पित्त असेल’ म्हणून रात्र काढावयाची, की तासाभरात हृदयाचा आलेख काढून रोहिणी उघडण्याच्या सोयीपर्यंत पोचावयाचे, हे रोग्याच्या आणि त्याच्या घरच्यांच्या हाती असते. रोहिणी जितकी लवकर उघडेल तितका स्नायू अधिक वाचतो, आणि तितक्या थोड्या लोकांवर अवसादाची पाळी येते. नाईलकाठच्या स्क्रूपासून आखेनच्या मोटरपर्यंत एवढ्या बुद्धीने माणसाने जे मिळविले, ते दोन-चार दिवस आहेत. पहिला तास घरातच घालवून मागून ते दिवस विकत घेण्याची वेळ शक्यतो येऊ देऊ नये.